आले का?

माझ्या दुकानात दिवसभरात सगळ्यात जास्त विचारला जाणारा प्रश्न दोन शब्दांचा आहे, "आले का?" काय आले, कुणाकडून आले, हे कुणी सांगत बसत नाही आणि मीही विचारत नाही. महिन्याचा मध्य उलटला की कुबड्यांवर, तीनचाकीवर, कुणाच्या तरी खांद्यावर हात ठेवून माणसं येतात, पासबुक नाहीतर आधार कार्ड पुढे करतात. संजय गांधी निराधार अनुदान योजनेचे पैसे आले का, एवढंच त्यांना जाणून घ्यायचं असतं.

घोरावाडी हे पुणे-लोणावळा मार्गावरचं लहानसं स्टेशन, बेगडेवाडी आणि तळेगावच्या मधलं. लोकलशिवाय इथे गाडी थांबत नाही. जवळच घोरावडेश्वराचा डोंगर आहे, डोंगरात लेणी आहेत, महाशिवरात्रीला जत्रा भरते. तो दिवस सोडला तर इथे उतरणारा माणूस कंपनीतून घरी निघालेला नाहीतर घरून कंपनीत निघालेला. या पंचक्रोशीत माझं दुकान आहे. मला लहानपणी पोलिओ झाला. दोन्ही पायांना कॅलिपर लावून चालतो. अपंगांच्या कोट्यातून टेलिफोनचा बूथ मिळाला होता, त्या पिवळ्या पाटीखाली बसून संसार उभा केला. मोबाइल आले आणि बूथ बसला. मग झेरॉक्स घेतलं, मागून संगणक आला. सरकारने एकेक योजना पोर्टलवर नेली तशी माझ्या टेबलापुढची रांग बदलत गेली. आता मी बहुतेक वेळ फॉर्म भरतो, आणि फॉर्म भरूनही काम झालं नाही की ते का झालं नाही हे शोधतो. हे दुसरं काम जास्त वेळ खातं, आणि त्याचे पैसे घेता येत नाहीत.

निराधार योजना महाराष्ट्रात १९८० सालची, अंतुले मुख्यमंत्री असतानाची. १८ ते ६५ वयाच्या, किमान ४० टक्के अपंगत्व असलेल्या माणसाला तिचा आधार असतो. रक्कम बरीच वर्षं सहाशे रुपये होती. २०१९मध्ये ती हजार झाली, २०२३मध्ये दीड हजार, आणि ऑक्टोबर २०२५पासून दिव्यांगांसाठी अडीच हजार. केंद्राची इंदिरा गांधी अपंग निवृत्तिवेतन योजना वेगळी. ती ८० टक्क्यांच्या पुढच्या, दारिद्र्यरेषेखालच्या माणसांना लागू होते आणि तिच्यात केंद्राचा वाटा गेली कैक वर्षं तीनशे रुपयांवरच थांबलेला आहे.

आकडे असे ओळीने मांडले की चित्र चढत्या आलेखाचं दिसतं. मग कपात कुठे आहे, असं कुणी विचारेल. ब्रिटनसारख्या देशात सरकार संसदेत उभं राहून सांगतं की अपंगांच्या भत्त्यातून एवढे अब्ज वाचवायचे आहेत. लोकांना तारीख कळते, आकडा कळतो, कुणाविरुद्ध बोलायचं ते कळतं. आपल्याकडे अशी घोषणा होत नाही. इथल्या कुठल्याही सरकारने आजवर "अपंगांचे पैसे कमी करतो" असं म्हटलेलं नाही. पैसे नुसते येईनासे होतात. निधी आला नाही, केवायसी राहिली, हयातीचा दाखला पोचला नाही, उत्पन्नाच्या दाखल्याची मुदत संपली, आधार जुळत नाही. प्रत्येक कारण छोटं आणि कागदोपत्री बरोबर असतं. त्या प्रत्येक कारणापाशी दोन-चार माणसं गळतात. इतक्या वर्षांच्या कामातून मला कळलेली मुख्य गोष्ट हीच की आमच्याकडे कपात निर्णयाने होत नाही, गळतीने होते. आणि गळतीविरुद्ध मोर्चा काढणं फार अवघड असतं.

डिसेंबर २०२४पासून या योजनेचे पैसे थेट डीबीटी पोर्टलवरून, आधारच्या आधारावर खात्यात जमा करायचं ठरलं. हेतू चांगला होता. मधले हात कमी व्हावेत, मृतांच्या नावावर पैसे उचलले जाऊ नयेत, याला कोण नाही म्हणेल? पण त्यानंतरच्या महिन्यांत माझ्याकडची रांग दुपटीने वाढली. खात्याला आधार जोडलेलं असणं वेगळं आणि सरकारी पैसे ज्या एका खात्याकडे वळतात ते खातं असणं वेगळं. बँकांचे व्यवहार जोडणाऱ्या एनपीसीआय या संस्थेच्या यादीत आधार क्रमांकापुढे एकाच बँकेचं नाव असतं, आणि डीबीटीचे पैसे तिथेच जातात. हे मला धंद्यामुळे कळलं. पवना धरणाच्या बाजूच्या वाडीतल्या म्हाताऱ्याला ते कोण सांगणार?

असेच एक आबा आले होते. एका पायाने अधू, काठी आणि पिशवी. सोबत भावजय. पासबुकात काही महिने एकही नोंद नाही. बँकेत त्यांना सांगितलं होतं, "आमच्याकडे काही आलेलं नाही, तहसीलला विचारा." तहसीलला कळलं की पैसे गेलेत, बँकेला विचारा. मी आधारच्या संकेतस्थळावर खात्याची स्थिती काढायला घेतली, तर ओटीपी हवा. आधारला नंबर पुतण्याचा. पुतण्या चाकणला पहिल्या पाळीत आणि त्याचा फोन कंपनीच्या लॉकरमध्ये, कारण शॉपफ्लोरवर फोन न्यायला बंदी. पाळी सुटेपर्यंत दोघं दुकानाबाहेरच्या बाकड्यावर बसून राहिली. भावजयीने पिशवीतून भाकरी काढली, आबांनी नको म्हटलं. तिसऱ्या प्रहरी पुतण्याने आकडे सांगितले, मी ते घातले आणि पडद्यावर दुसऱ्याच बँकेचं नाव आलं. लाडकी बहीण योजनेच्या गर्दीत घरातल्या सुनेचं खातं उघडताना आबांचंही एक खातं उघडून घेतलं होतं. अंगठा लावला, विषय विसरले. पैसे त्या खात्यात शांतपणे साचत होते.

आबा हसले. मला काही हसू आलं नाही. पैसे सापडले हे खरं, पण त्या महिन्यांत त्यांनी किराणा उधारीवर आणला होता, गोळ्या निम्म्या केल्या होत्या. सरकारच्या हिशेबात त्यांना एकही हप्ता कमी मिळालेला नाही. कागदावर कपात शून्य.

दुसरी गोष्ट बोटांच्या ठशांची. एकोणीस-वीस वर्षांचा मुलगा, जन्मापासून सेरेब्रल पाल्सी. हाताच्या मुठी घट्ट मिटलेल्या, अंगठा आत दुमडलेला. आई त्याला कडेवर घेऊन येते; या वयाच्या मुलाला कडेवर घेणं म्हणजे काय ते तिच्या कमरेला विचारावं. आधार अद्ययावत करायला ठसे हवेत. एका केंद्रावर चालकाने मूठ उघडायचा प्रयत्न केला. मूठ जितकी ओढावी तितकी आवळते, हे त्या बिचाऱ्याला ठाऊक नव्हतं. मुलगा किंचाळला, रांगेतल्या बायका बाजूला झाल्या. मग डोळ्यांचं यंत्र लावलं, पण त्याची मान स्थिर राहीना. खरं तर ज्यांचे ठसे घेता येत नाहीत त्यांच्यासाठी आधारच्या नियमांतच सवलत आहे, त्यांची नोंद ठशांविना करता येते. ती सवलत सगळ्या चालकांना माहीत नसते, आणि ज्यांना माहीत असते ते तिच्या वाटेला जात नाहीत, कारण अशा नोंदी फेटाळल्या गेल्या की जाब त्यांना द्यावा लागतो. मी त्या नियमाची छापील प्रत आईच्या हातात दिली. आता ती प्रत ती प्लास्टिकच्या पिशवीत घालून सगळीकडे नेते. सरकारचाच नियम सरकारच्याच माणसाला वाचून दाखवायची ही कामगिरी आम्हा अपंगांच्या चळवळीचा निम्मा भाग आहे. तिचे फोटो पेपरात येत नाहीत.

टक्क्यांचंही तसंच. अपंगत्वाचं वैश्विक ओळखपत्र, ज्याला सगळे यूडीआयडी म्हणतात, त्याला रंग असतात. ४० टक्क्यांच्या आत पांढरा, पुढे ८० पर्यंत पिवळा, त्यावर निळा. महाराष्ट्रात त्याआधी एसएडीएम प्रणालीवरची प्रमाणपत्रं होती. ज्यांनी ती मिळवण्यात एक आयुष्य घालवलं त्यांना पुन्हा नव्या पत्रासाठी तपासणीला जावं लागलं. आमच्या भागात तर अपंगत्वाचा कारखानाच आहे. चाकण, तळेगाव, भोसरीच्या प्रेस शॉपमध्ये बोटं जातात. पॉवर प्रेसखाली हात राहिला की एका फटक्यात दोन-तीन बोटं. कामगार भरपाईच्या कायद्यातल्या तक्त्यात एका हाताची तीन बोटं गेली तर कमाईची ३० टक्के हानी धरतात, दोन गेली तर २० टक्के. निराधार योजनेचा उंबरठा ४०. अपंगत्वाचं प्रमाणपत्र देताना मोजणी वेगळ्या पद्धतीने होते, पण माझ्याकडे आलेल्या अशा पोरांच्या हातात बहुधा पांढरंच कार्ड असतं. कंत्राटदार त्याला पुन्हा प्रेसवर घेत नाही, कारण त्याला पकड राहिलेली नसते. सरकार त्याला निराधार मानत नाही, कारण त्याची बोटं पुरेशी गेलेली नसतात. पंचविशीतल्या पोराने "दादा, अजून एखादं गेलं असतं तर बसलो असतो का?" असं मला विचारलंय. तो चेष्टेत बोलत नव्हता.

सगळ्यात अवघड कागद उत्पन्नाच्या दाखल्याचा. इतर निराधारांसाठी कुटुंबाच्या वार्षिक उत्पन्नाची मर्यादा २१ हजार आहे, दिव्यांगांसाठी ५० हजार. म्हणजे महिन्याला साधारण चार हजार एकशे. घरात एक जण कंपनीत कंत्राटी कामगार असला तरी वर्षाचे लाखाच्या पुढे जातात. म्हणजे या औद्योगिक पट्ट्यात नियमाप्रमाणे पाहिलं तर जवळजवळ कुणीच पात्र नाही. अपंगत्व एकट्याचं, उत्पन्न मात्र सगळ्या घराचं मोजायचं. ज्या भावाच्या पगारावर घर चालतं तो भाऊ अपंग बहिणीला हातखर्चाला किती देतो, हा प्रश्न फॉर्मवर नाही. तिला साबण, पॅड, कुबडीच्या टोकाचं रबर यासाठीही वहिनीच्या तोंडाकडे पाहावं लागतं.

यावर तोड सगळ्यांना माहीत आहे. दाखला मर्यादेच्या आतला निघतो. देणाऱ्याला ठाऊक, घेणाऱ्याला ठाऊक, मंजूर करणाऱ्यालाही ठाऊक. मी यात कुणाला दोष देत नाही. मर्यादाच अशी ठेवली की माणसाला जगण्यासाठी खोटं बोलावं लागेल, तर ते खोटं मर्यादेचं आहे, माणसाचं नाही. पण त्याचा परिणाम वाईट होतो. अशा दाखल्यावर बसलेला माणूस कधीच ताठ मानेने बोलू शकत नाही. पैसे थांबले की त्याची पहिली भीती ही असते की चौकशीला गेलो तर माझाच दाखला तपासतील. आमच्या आंदोलनांना गर्दी का जमत नाही, याचं एक मोठं उत्तर या भीतीत आहे.

त्यात २०२४च्या उन्हाळ्यानंतर संशयाचा नवा वारा सुटला. प्रशिक्षणार्थी आयएएस अधिकारी पूजा खेडकर यांचं प्रकरण पुण्यातूनच गाजलं. प्रमाणपत्रांवरून आरोप झाले आणि ३१ जुलै २०२४ रोजी यूपीएससीने त्यांची उमेदवारी रद्द केली. खोट्या प्रमाणपत्राने खऱ्या अपंगाची जागा जाते, म्हणून तपासणी व्हावी, हे आम्हीच सगळ्यात मोठ्याने म्हणतो. पण चर्चा कलेक्टरच्या खुर्चीची होती आणि नजर पडली दीड हजारवाल्यावर. लोकलच्या अपंगांसाठीच्या डब्यात चढताना मला एकाने विचारलं, "तुमचं खरं आहे ना?" मी पँट वर करून कॅलिपर दाखवला नाही. दाखवायचा नाही, असं मी ठरवलेलंच आहे.

हा संशय काही मराठी नाही. ब्रिटनमध्ये २००८पासून काम करण्याच्या क्षमतेची चाचणी आली, २०१३पासून जुन्या भत्त्याच्या जागी 'पिप' नावाचा नवा भत्ता आला, आणि फुकटखाऊ अपंगांच्या गोष्टी तिथल्या वृत्तपत्रांतून रंगवल्या गेल्या. त्याविरुद्ध अपंगांनीच २०१०मध्ये 'डिसेबल्ड पीपल अगेन्स्ट कट्स' ही संघटना उभी केली. व्हीलचेअर साखळीने बांधून त्यांनी रस्ते अडवले. जून २०१५मध्ये ते थेट संसदेच्या सभागृहाच्या दारापर्यंत पोचले. २०१६मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या समितीने ब्रिटनमध्ये अपंगांच्या हक्कांचा गंभीर किंवा पद्धतशीर भंग झाल्याचं नोंदवलं. अपंगांच्या हक्कांविषयीच्या आंतरराष्ट्रीय करारानुसार झालेली ती पहिलीच चौकशी. मार्च २०२५मध्ये तिथल्या मजूर पक्षाच्या सरकारने सुमारे पाच अब्ज पौंड वाचवण्याची योजना मांडली. रोजच्या कामांपैकी एका तरी कामात चार गुण मिळाले तरच पिप, अशी अट येणार होती. बाहेर अपंगांनी रान उठवलं, आत सत्ताधारी खासदारच फिरले, आणि १ जुलै २०२५ रोजी मतदानाच्या दिवशीच सरकारला ती अट मागे घ्यावी लागली. नव्या अर्जदारांच्या दुसऱ्या एका भत्त्यातली कपात मात्र राहिली. मला त्यांचा हेवा एकाच गोष्टीचा वाटतो. त्यांच्यापुढे एक विधेयक होतं, त्याला कलमं होती, त्यावर मतदान होतं. आम्ही विरोध करायचा तो कशाला? सर्व्हरला?

तरी आम्ही धरणं धरतो. पुण्याला जायचं तर सकाळची लोकल गाठायची, कारण दुपारी गाड्या कमी. तीनचाकी सायकल डब्यात जात नाही, म्हणून ज्यांना ती लागते ते टेम्पो करून येतात, आणि टेम्पोच्या भाड्यात कुणाचा तरी महिन्याचा हप्ता जातो. बायका आदल्या रात्रीपासून पाणी कमी पितात, कारण धरण्याच्या जागी त्यांना वापरता येईल असं स्वच्छतागृह नसतं. अंध मित्र घोषणा सगळ्यात खणखणीत देतात. कर्णबधिर पोरं हात हलवून साथ करतात, मात्र त्यांना समजावून सांगणारा दुभाषा आणायला आम्ही दरवेळी विसरतो. "भीक नको, हक्क हवा" ही घोषणा जुनी आहे, पण ती देताना अंगावर अजूनही काटा येतो.

मग निवेदन द्यायला शिष्टमंडळ आत बोलावतात. आत कोण जातं? ज्याला जिना चढता येतो तो. ज्याला नीट बोलता येतं, ज्याचा शर्ट इस्त्रीचा आहे तो. म्हणजे माझ्यासारखे पोलिओवाले. २०१६च्या कायद्यात अपंगत्वाचे २१ प्रकार आहेत. आधीच्या १९९५च्या कायद्यात सातच होते. कागदावर संख्या तिप्पट झाली, शिष्टमंडळात मात्र अस्थिव्यंग आणि अंध एवढेच. मनोरुग्ण मुलाची आई, स्नायूंच्या आजाराने अंथरुणाला खिळलेला माणूस, मतिमंद मुलीचा बाप हे धरण्याला येऊच शकत नाहीत, कारण घरी त्यांच्या जागी बसायला कुणी नसतं. ज्यांचे पैसे सगळ्यात आधी गळतात त्यांचाच आवाज आमच्याही आंदोलनात नसतो. आमच्या चळवळीचं हे दुखणं सरकारने दिलेलं नाही, ते आमचं आहे.

मागणी काय करायची यावर आमच्यात नेहमी वाद. एक गट म्हणतो, रक्कम वाढवा, बाकी सगळं नंतर. दुसरा म्हणतो, आहे ती रक्कम आधी ठरल्या तारखेला द्या. ८ जून २०२५ रोजी माजी आमदार बच्चू कडूंनी अमरावती जिल्ह्यात गुरुकुंज मोझरीला अन्नत्याग सुरू केला. शेतकऱ्यांच्या कर्जमाफीबरोबर दिव्यांगांना महिना सहा हजार मानधनाची मागणीही त्यात होती. कडूंच्या राजकारणाबद्दल आमच्यात एकमत नाही, पण विधानसभेत अपंगांचा विषय त्यांनी वर्षानुवर्षं लावून धरला, हे कुणीही नाकारत नाही. त्या आठवड्यात माझ्या दुकानातली माणसं फोनवर मोझरीच पाहत होती. १४ जूनला उपोषण सुटलं, आणि ३ सप्टेंबर २०२५ रोजी मंत्रिमंडळाने दिव्यांगांच्या अनुदानात हजार रुपयांची वाढ मंजूर केली. सहा हजार मिळाले नाहीत, पण दीडाचे अडीच झाले. अडीच हजारांचा पहिला हप्ता आला तेव्हा एका मावशीने मला पेढा आणून दिला. तो मी खाल्ला, आणि लगेच पुढची रांग सुरू झाली.

कारण वाढ "दिव्यांग" म्हणून नोंद असलेल्यांनाच होती. माझ्याकडे आलेल्या काही बायका अपंगही आहेत आणि विधवाही. पूर्वी दोन्ही गटांना रक्कम सारखीच होती, तेव्हा ज्या गटात नाव चटकन बसलं त्या गटात घातलं. आता विधवा म्हणून नोंद असलेल्या अपंग बाईला दीड हजार, तिच्या दिव्यांग म्हणून नोंदलेल्या शेजारणीला अडीच. नोंद बदलायला यूडीआयडी हवं, यूडीआयडीला तपासणी, तपासणीला तारीख. मिळालेली वाढसुद्धा आमच्याकडे अशी गळत गळत पोचते.

या सगळ्यात एक कलम मी दुकानाच्या भिंतीवर लावून ठेवलंय. दिव्यांग हक्क कायदा, २०१६, कलम २४. सामाजिक सुरक्षेच्या योजनांत दिव्यांगांना मिळणारी रक्कम तशाच योजनांतल्या इतरांपेक्षा किमान २५ टक्के जास्त असावी, असं त्यात म्हटलंय. आर्थिक कुवतीच्या मर्यादेत योजना आखाव्यात, अशी पुस्ती आहे, हे खरं. पण कायदा एप्रिल २०१७मध्ये लागू झाला आणि त्यानंतरही कितीतरी वर्षं दिव्यांगाला आणि इतर निराधारांना एकच रक्कम मिळत राहिली. दीड हजाराच्या काळात कायद्याच्या हिशेबाने ती किमान १,८७५ व्हायला हवी होती. महिना दीड हजारांची लाडकी बहीण योजना जुलै २०२४पासून सुरू झाली, तेव्हा आधीच दीड हजार घेणाऱ्या अपंग बहिणीला त्यात जागा नव्हती. म्हणजे धडधाकट बहिणीला जेवढे तेवढेच तिला. त्या ३७५ रुपयांच्या फरकाला कुणी कपात म्हटलं नाही. मी म्हणतो.

आणखी एक पैसा गावातच पडून असतो. ग्रामपंचायतीने स्वतःच्या उत्पन्नातले पाच टक्के दिव्यांगांवर खर्च करायचे असतात. पूर्वी ते तीन टक्के होते. आमच्या तालुक्यात हायवेच्या एका बाजूला कंपन्या असलेली गावं आहेत, त्यांचा कर भरपूर. दुसरीकडे डोंगरातली, धरणाच्या पाण्याकाठची गावं, तिथे पंचायतीची तिजोरी रिकामी. त्यामुळे एकाच टक्केवारीच्या दोन माणसांना मिळणारी मदत ती कुठल्या शिवेत जन्मली यावर ठरते. आम्ही काही जणांनी माहितीच्या अधिकारात हिशेब मागायला सुरुवात केली. एका गावात त्या पाच टक्क्यांत खुर्च्या आणि बाकडी घेतलेली निघाली, तीही सगळ्या गावासाठी. ग्रामसभेत तो कागद मी वाचून दाखवला. आधी कुजबुज झाली, मग एक म्हातारी उठून म्हणाली, "आमच्या पांगळ्या पोराच्या पैशावर तुम्ही बसता व्हय?" पुढच्या वर्षी त्या गावात पाच घरांना स्वयंपाकघराची उंची कमी करून दिली, एकाला व्हीलचेअर मिळाली. मोर्चात जे झालं नाही ते ग्रामसभेत झालं. याचं कारण सरळ आहे. तिथे निर्णय घेणारा माणूस समोर बसलेला होता आणि त्याला पुढच्या निवडणुकीत त्याच म्हातारीच्या दारात जायचं होतं.

मोर्चे वाया जातात असं मात्र माझं म्हणणं नाही. २०१६मध्ये बोलिव्हियातल्या अपंगांनी महिना पाचशे बोलिव्हियानोंचं मानधन मागण्यासाठी कोचाबांबाहून ला पाझपर्यंत अँडीज पर्वतातलं सुमारे ३८० किलोमीटरचं अंतर व्हीलचेअर आणि कुबड्यांवर पार केलं. ला पाझमध्ये त्यांच्यावर पोलिसांनी पाण्याचे फवारे मारले. काहींनी पुलांना दोर बांधून व्हीलचेअरसकट स्वतःला लटकवून घेतलं. पाचशे मिळाले नाहीत. पण पुढच्या वर्षी कायदा झाला आणि तीव्र अपंगत्व असलेल्यांना महिना अडीचशे सुरू झाले. सहा हजार मागून अडीच मिळण्याशी हे किती जुळतं! जगात सगळीकडे अपंग माणूस निम्म्यावर समाधान मानेल असा सरकारचा अंदाज असतो, आणि दुर्दैवाने तो बरोबर निघतो.

म्हणून आता आमच्या निवेदनात रक्कम पहिल्या क्रमांकावर नसते. पहिली मागणी: पैसे महिन्याच्या एका ठरलेल्या तारखेला द्या. दुसरी: कुणाचे पैसे थांबवायचे असतील तर आधी लेखी कळवा, कारण सांगा, मुदत द्या, आणि तपासणी चालू असताना हप्ता चालू ठेवा. तिसरी: उत्पन्न अपंग माणसाचं मोजा, त्याच्या भावाचं नाही. चौथी: अंथरुणावरच्या माणसाचा हयातीचा दाखला त्याच्या घरी जाऊन घ्या. आणि पाचवी: रक्कम महागाईशी बांधा, म्हणजे दर तीन-चार वर्षांनी कुणाला उपाशी बसावं लागणार नाही. यातल्या पहिल्या, दुसऱ्या आणि चौथ्या मागणीला सरकारचा जवळजवळ खर्चच नाही. ज्या मागण्यांना पैसे लागत नाहीत त्या मान्य होत नसतील, तर अडचण तिजोरीची नाही, असा निष्कर्ष काढायला हरकत नाही.

वाचणाऱ्यांना एकच सांगणं आहे. तुमच्या गल्लीत, सोसायटीत, वाडीत असा एखादा माणूस असतोच. त्याच्या पासबुकातली शेवटची नोंद कधीची आहे ते विचारा. त्याचा आधारला जोडलेला मोबाइल नंबर त्याच्याच घरातला आहे का, ते बघा. आणि पुढच्या ग्रामसभेत किंवा वॉर्डाच्या बैठकीत दिव्यांगांच्या पाच टक्क्यांचा हिशेब मागा. तुम्ही मागितलात तर तो लवकर मिळेल, कारण तुमचा दाखला तपासला जाईल अशी भीती तुम्हाला नाही.